दवंडी आणि कान

माझ्या आत्याच्या छातीत गाठ आली तेव्हा तिने ती दहा महिने कोणाला सांगितली नाही. पोटाचे, पाठीचे दुखणे बाई सांगू शकते. छातीतले सांगायला तिला तोंड नसते. शिवाय गाठ दुखत नव्हती, आणि जे दुखत नाही त्यासाठी रोज बुडवून दवाखाना गाठण्याची रीत आमच्यात नाही. अखेर २०११ साली तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली. काढलेली गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत घालून तिथल्या माणसाने ती माझ्या हाती दिली आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायला सांगितले. पिशवीत बरणी घेऊन मी एस.टी.ने गेलो. तो शनिवार होता. पोचेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती. सोमवारी सकाळी मी ती बरणी खिडकीतून आत दिली.

अहवाल आला : 'रिसेप्टर निगेटिव्ह'. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, तरी या दोन शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तो कळायला दोन वर्षे आणि आत्याच्या पाठीचा एक मणका खर्ची पडला. तो अर्थ वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे आजोबा येसकरकीच्या पाळीला गावात दवंडी देत. वतने गेली, ती दवंडीही गेली. मी ती आत्याच्या तोंडूनच ऐकली. दवंडी साऱ्या गावासाठी एकच असते. पण ज्याचा तिच्याशी संबंध असेल तोच कान टवकारतो, बाकीचे आपल्या कामात राहतात. शरीरातही असेच चालते. स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. पाळी गेल्यावरही चरबीच्या पेशींत ते थोडे तयार होतच राहते. मात्र ते ऐकू येते ते ज्या पेशींना त्याचा कान आहे त्यांनाच. हा कान म्हणजे रिसेप्टर. ते एक प्रथिन असते आणि त्याच्या खाचेत ठरावीक रसायनच बसते. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात असतो. इस्ट्रोजेन त्यात बसले की तो जनुकांना जाऊन चिकटतो आणि पेशीला विभागण्याचा हुकूम सुटतो. निरोगी स्तनात हे काम बेताने चालते. कर्करोगाच्या पेशीत तोच हुकूम थांबेनासा होतो.

ही गोष्ट माणसाला कळली ती उलट्या बाजूने. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले, की अंडाशये काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसू शकतो. पण हा उपाय काही स्त्रियांनाच लागू पडे. कोणाला पडेल आणि कोणाला नाही, हे सांगता येत नसे. शिकागोला एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इस्ट्रोजेनचा रिसेप्टर शोधला, तेव्हा कोडे उलगडले : ज्या गाठीला कान आहे तीच दवंडी बंद झाल्यावर थांबते. १९६२ साली इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक म्हणून टॅमॉक्सिफेन हे औषध तयार केले गेले. त्या कामी ते फसले. पण ते रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसते, म्हणजे कानात बोळा घालते, असे दिसून आले. १९७३ पासून ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगावर वापरात आले. रिसेप्टर असलेल्या स्त्रीने ते पाच वर्षे घेतले तर या रोगाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. त्याची रोजची गोळी काही रुपयांना मिळते.

दुसरा एक कान पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. त्याला हर-टू म्हणतात. शंभरातल्या पंधरा-वीस गाठींत त्याची संख्या बेसुमार वाढते. त्याची तऱ्हा निराळी आहे. त्याला स्वतःची अशी दवंडी सापडलेलीच नाही. हे कान एकमेकांना भिडले की आपोआप वाजू लागतात, आणि 'वाढ, मरू नकोस, हल' हा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो. असे कान असलेली गाठ लवकर पसरते, हे डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले. त्यावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले. भारतात बनलेले त्याचे स्वस्त रूप २०१४ पासून मिळते. पण मजूर बाईच्या दृष्टीने तेही महागच आहे.

आता पसरण्याविषयी. कर्करोग पसरतो म्हणजे तेल सांडल्यासारखा चहूकडे वाहतो, असा समज आहे. तो चूक आहे. पेशी आधी शेजारणींचा हात सोडते, खालचा पडदा विरघळवते, रक्तात किंवा लसिकेत शिरते. तिथे बहुतेक पेशी मरतात. ज्या जगतात त्या कुठेही रुजत नाहीत. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि बियाण्याला जमीन मानवावी लागते, असा निष्कर्ष काढला. जमीन कशी मानवते याचे एक उत्तर २००१ साली मिळाले. स्तनाच्या कर्करोगपेशींवर सीएक्ससीआर-फोर नावाचा रिसेप्टर असतो. आणि त्याला हाक मारणारे रसायन फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा व लसिकाग्रंथी यांत भरपूर तयार होते. पेशी हाकेच्या रोखाने जाते.

हाडात पोचल्यावर जे घडते ते ऐकून मी सुन्न झालो होतो. कर्करोगाची पेशी एक रसायन सोडते. हाडाच्या पेशी ते ऐकतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना जागे करतात. हाड झिजते. झिजताना त्यात साठलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात, ती कर्करोगाच्या पेशीचे रिसेप्टर ऐकतात, आणि ती पेशी आणखी रसायन सोडते. हाड खाल्ले जाते ते कर्करोगाच्या दाताने नव्हे, आपल्याच पेशींच्या हाताने.

आत्याच्या पाठीत कळ येऊ लागली ती २०१३ साली. "जल्माचं हाय रं मास्तर, त्याला काय औषिद?" असे ती म्हणाली. मुंबईला मणक्यातला तुकडा तपासला. रिसेप्टर होता! डॉक्टरांनी जुन्या काचपट्ट्या मागवल्या. ही तपासणी कशी होते ते त्यांनी मला समजावून सांगितले. ऊतीवर विशिष्ट रसायन टाकले की इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेली केंद्रके तपकिरी दिसतात. शंभरात एक जरी रंगले तरी गाठ पॉझिटिव्ह मानतात. पण रिसेप्टर हे प्रथिन आहे आणि प्रथिन कुजते. म्हणून गाठ कापून, तासाभराच्या आत, तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावी लागते. फॉर्मॅलिन आत झिरपते ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. न कापलेल्या गाठीचा गाभा तसाच नासतो. आणि तपासणी बरोबर झाली की नाही याचा साक्षीदार त्याच पट्टीवर असतो : शेजारच्या निरोगी दुग्धनलिका. त्यांतल्या काही पेशी रंगल्याच पाहिजेत. आत्याच्या जुन्या पट्टीवर निरोगी पेशीही कोऱ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "हा निगेटिव्ह अहवाल नव्हे. ही तपासणी झालेलीच नाही."

बरणीत होते ते साधे सलाइनचे पाणी. शनिवार, रविवार ते माझ्या खोलीत होते.

गोळी सुरू झाली, हाडाची झीज रोखणारे औषध मिळाले, पाठीला किरणे दिली. आत्या आणखी पाच वर्षे जगली, त्यातली चार आपल्या पायांवर. दोन वर्षे आधी गोळी मिळाली असती तर रोग हाडात गेलाच नसता, असे मी म्हणत नाही. गोळी घेऊनही काहींचा जातो. पण तिला तेवढी संधी मिळायला हवी होती.

तिन्ही रिसेप्टर नसलेली गाठ खरोखर असते. तिच्यावर ही औषधे चालत नाहीत आणि ती झपाट्याने पसरते. अमेरिकेत काळ्या स्त्रियांत तिचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे. त्यावरून 'त्यांचे रक्तच तसे' असे म्हणणारे लोक निघतात. रक्ताची ही भाषा आपल्या ओळखीची आहे. पण तिथेच हेही दिसते, की ज्यांच्या गाठीला रिसेप्टर आहे, म्हणजे ज्यांना औषध लागू आहे, त्या काळ्या स्त्रियाही गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त मरतात. औषध लागू असणे आणि ते वेळेवर हाती पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पेशीत ठरते, दुसरी समाजात.

म्हणून सांगतो. गाठ लागली तर दडवू नका. ती काढली तर बरणीत फॉर्मॅलिन आहे का, गाठ कापून त्यात घातली का, हे विचारा. अहवालात तिन्ही रिसेप्टर नोंदले आहेत का पाहा. निगेटिव्ह असेल तर शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या होत्या का, हेही विचारा. विचारणाऱ्याला अडाणी म्हटले जाईल. म्हणू द्या. मी शिकलेला होतो आणि विचारले नाही.

आत्याला मी हे सारे दवंडीच्याच भाषेत सांगितले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे जल्माचं न्हवतं तर. बरणीचं व्हतं."