रंगारी परत पाठवले तेव्हा

जयपूरच्या परकोट्यात, चांदपोल दरवाजाच्या आत असलेलं सासूबाईंचं घर विकायला काढलं. दलाल म्हणाला, "भाभीजी, सगळीकडे प्लास्टिक पेंट मारून घ्या." रंगारी आले. बैठकीच्या कोपऱ्यात त्यांनी पॉलिश पेपर घासला आणि जुन्या डिस्टेंपरखालून दुधी, गुळगुळीत, लकाकणारी भिंत डोकावली. आराइश!

चुना महिनोन्महिने भिजवायचा, त्यात संगमरवराची पूड कालवायची, थरावर थर चढवायचे, अकीकाच्या दगडाने घोटायचं आणि शेवटी खोबऱ्याने घासायचं, असं हे काम. मे महिन्यात पाठ टेकावी तर भिंत गार लागते. त्यावर प्लास्टिकचा थर द्यायला माझा हात धजेना. रंगारी परत गेले. जुन्या कारागिराने आठ दिवस बसून ती भिंत उघडी केली.

पाहुण्यासाठी रंग देणं या गावाला नवं नाही. 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंह दुसरे यांनी शहर गुलाबी रंगवून घेतलं. रंगाला माझी ना नाही. ओल झाकणारा रंग मात्र मला फसवणूक वाटते. आमच्या जिन्याखाली पोपडे होते. चुन्याच्या भिंतीला कधीतरी सिमेंट फासलेलं. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून ती वर चढत गेली आणि क्षार फुलले. मूळ दुखणं डागळ्यावर, म्हणजे गच्चीवर निघालं: पाणी काढून देणारा परनाळा तुंबला होता. तो मोकळा केला, सिमेंट खरवडून चुना लावला. भिंत वाळायला एक उन्हाळा तरी हवा, म्हणून डाग तसाच ठेवला.

चौकातले कूलर, ट्रंका, मोडकी खाट गेली. जागेचा पट्टा, खरेदीखतांची साखळी, नगरीय विकास कराच्या पावत्या एका फायलीत लावल्या. माणसं सकाळी दहानंतर बोलवायची, कारण तेव्हा चौकात ऊन उतरतं.

संक्रांतीच्या आठवड्यात एक कुटुंब आलं. मुलं पतंग बघायला थेट डागळ्यावर पळाली. त्यांच्या आजी बैठकीत थांबल्या, भिंतीवरून तळवा फिरवत राहिल्या. जिन्याखालचा डाग मी आपणहून दाखवला, कारणही सांगितलं. त्यांनी दुरुस्तीचे पैसे वळते करून भाव सांगितला. आम्ही कबूल केला. चाव्यांसोबत कारागिराचा फोन नंबरही दिला.