कालु, काळु, कल्लु, कळ्ळु
(परभाषेतले धर्मदूत : लेखांक ५)

जुन्या हुबळीत आमच्या घरी उंबरठा हीच भाषेची सीमा होती. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. आजी चुलीपाशी बसून माझ्याशी मराठीत बोलायची आणि दारात भाजीवाली आली की त्याच श्वासात ‘बर्री, कूड्री’ म्हणायची. या, बसा. त्या शेवटच्या ‘री’मध्ये सगळा आदर सामावलेला असतो, हे मला कुणी शिकवलं नाही. एखाद्या मोठ्या माणसाला ‘री’ न लावता हाक मारली तर आजीची मान वळायची, तेवढ्यावरून कळायचं. व्याकरण म्हणून जे पुढे पुस्तकात वाचलं, ते सगळं त्या वळलेल्या मानेतून आधीच आत गेलेलं होतं.

म्हणूनच जो माणूस बावीस-पंचविसाव्या वर्षी या गावात येतो, ज्याच्यासाठी कुणाचीच मान कधी वळलेली नसते, आणि ज्याला याच भाषेत लोकांशी थेट देवाबद्दल बोलायचं असतं, त्याच्याबद्दल मला फार कुतूहल वाटत आलं आहे.

मागच्या लेखांकात आपण फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासोबत गोव्यात साष्टीत होतो. १५७९ मध्ये आलेला हा इंग्रज जेझुइट मराठीत इतका मुरला, की १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापून निघालं. आज आपण घाट चढून वर येतो आणि सव्वादोनशे वर्षं पुढेही जातो.

१८३३ च्या सनदी कायद्यानं कंपनी सरकारच्या मुलखात ब्रिटिशेतर मिशनांनाही काम करण्याची मुभा मिळाली. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बाझेल मिशननं लगेच माणसं पाठवली. १८३४ मध्ये सॅम्युएल हेबिख, लेनर आणि ग्राइनर हे तिघे मंगळूरला पोचले. १८३७ मध्ये धारवाडला ठाणं झालं, १८३९ मध्ये हुबळीला, १८४१ मध्ये गदगजवळच्या बेटगेरीला. मिशनच्या कागदांत या वरच्या प्रदेशाचं नाव ‘दक्षिण मराठा’ असं पडे, कारण इंग्रज धारवाड-बेळगावच्या मुलखाला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. पुढे इथून धावलेल्या रेल्वेनंही हेच नाव घेतलं. नाव मराठा आणि बाजारातली बोली कन्नड, हा गोंधळ त्या तरुणांना नकाशावरच भेटला.

ही मुलं मुख्यतः जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतातली, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतली होती. काही थोडे विद्यापीठात शिकलेले होते. बाझेलच्या मिशन-गृहात काही वर्षं शिक्षण, मग जहाज. इथे पोचल्यावर पहिलं काम उपदेशाचं नव्हतं, भाषेचं होतं. लग्नसुद्धा मिशनच्या समितीच्या परवानगीवाचून करता येत नसे. त्यामुळे सुरुवातीच्या काळात घर नाही, बायको नाही, ओळखीचं माणूस नाही. सोबतीला भाषा शिकवणारा मुन्शी आणि पाटी. बल्लारीला लंडन मिशनरी सोसायटीची माणसं आधी येऊन गेल्यामुळे काही साधनं हाताशी होती. विल्यम रीव्हचा कन्नड-इंग्रजी कोश १८३२ मध्ये मद्रासला निघाला होता आणि जॉन हँड्सनं केलेलं कन्नड बायबलही होतं. पण तो कोश इंग्रजीतला. जर्मन मुलानं आधी इंग्रजी शिकायची, मग त्या इंग्रजीच्या खिडकीतून कन्नड पाहायची.

उच्चारांपाशी थोडं थांबतो, कारण खरी परीक्षा तिथेच होती. हे चार शब्द म्हणून पाहा : कालु म्हणजे पाय. काळु म्हणजे धान्याचा दाणा. कल्लु म्हणजे दगड. कळ्ळु म्हणजे ताडी. आपल्या मराठी कानाला ‘ल’ आणि ‘ळ’ यांत काही अवघड वाटत नाही, कारण काल आणि काळ आपण जन्मापासून वेगळे म्हणत आलो. जर्मनमध्ये ‘ळ’ नाही, ट-ड-ण नाहीत. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची ही कल्पनाच तिथे नाही. दुहेरी व्यंजनावर थांबायची सवयही नाही. त्यात व्युर्टेम्बर्गच्या श्वाबियन बोलीत प आणि ब, त आणि द, क आणि ग यांच्यातला फरक मुळातच पुसट. भाकरी मागणाऱ्या मुलाला बाप दगड देईल का, असा बायबलमधला साधा दाखला सांगायचा असेल, तर ‘कल्लु’ शब्दातली जीभ सरळ राहायला हवी. ती वळली तर बाप मुलाला ताडी देऊ लागतो. कुठल्याही जर्मन व्याकरणात या धोक्याची सूचना सापडली नसती. ती समोर बसलेला मुन्शीच देऊ शकत होता, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. या मुन्शींबद्दल आपल्याकडे फारच थोडं लिहिलं गेलं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुन्शी शिकवी ती भाषाही एक वेगळीच अडचण. तो बहुधा शिकलेला, संस्कृत जाणणारा. त्याची कन्नड ग्रंथांची. हुबळीच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन येणारा शेतकरी मात्र शेवटचा ‘उ’ गिळून बोलणार; ‘अगदी’, ‘खरे’ हे आपलेच शब्द कन्नडमध्ये बेमालूम मिसळणार. आणि कचेरीत गेलं की तिसरीच तऱ्हा. १८१८ नंतर हा भाग मुंबई इलाख्यात गेला. दप्तरात मराठी होती, मोडी होती, सरकारी शाळांतही बराच काळ मराठीचं वजन होतं. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नड शाळांसाठी कष्ट घेतले तेव्हा कुठे चित्र पालटलं. आपण मराठी माणसांनी हा इतिहास नीट लक्षात ठेवायला हवा. सीमेबद्दल बोलताना तो सहसा विसरला जातो.

अशा गावात राहणाऱ्या धर्मोपदेशकाला मराठीही कानावर घ्यावी लागे, आणि तिथे एक बारीक पेच होता. कन्नडमध्ये ‘नावु’ म्हटलं की झालं. मराठीत मात्र दोन वाटा फुटतात : आम्ही आणि आपण. ऐकणाऱ्याला सोबत धरलं तर आपण, वगळलं तर आम्ही. जर्मनमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. आता उपदेशक जमलेल्या लोकांना सांगतोय की माणूसमात्र पापी आहे. तो ‘आम्ही पापी आहोत’ म्हणाला, तर लोकांना वाटणार, हे गोरे साहेब आपल्याच पापांची कबुली देताहेत. ‘आपण पापी आहोत’ म्हणाला, तर तो त्यांच्यात येऊन बसला. पण तोच माणूस डोळे मिटून देवाची प्रार्थना करू लागला, की ‘आपल्याला क्षमा कर’ म्हणून चालणार नाही, नाहीतर क्षमा मागणाऱ्यांत देवही येईल. तिथे ‘आम्हाला’च हवं. लोकांकडे तोंड केलं की आपण, देवाकडे तोंड केलं की आम्ही. मराठीतला हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजच्या कन्नडनं तो टाकला आणि आपण जपला, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

खुद्द देवासाठी कोणता शब्द वापरायचा? कन्नडमधला रोजचा शब्द ‘देवरु’. तो रूपानं अनेकवचनी आहे, आदरार्थी. आपण ‘बाबा आले’ म्हणतो तसा. देव एकच आहे हे सांगायला समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला पहिलाच शब्द अनेकवचनाच्या वेशात भेटतो. ‘देवनु’ असं एकवचन करावं तर ते कानाला उद्धट लागतं. जुन्या कन्नड बायबलात यावर निघालेला तोडगा सुंदर आहे : नाम ‘देवरु’ असं आदरार्थीच ठेवलं आणि त्याचं क्रियापद मात्र एकवचनी केलं. कन्नड कानाला हे थोडं खटकतं. पण मूळ हिब्रू बायबलात देवासाठी जो ‘एलोहिम’ शब्द आहे, तोही रूपानं अनेकवचनीच, आणि त्याचंही क्रियापद एकवचनी असतं. बाझेलला हिब्रू शिकून आलेल्या तरुणाला बाजारात रोज ऐकू येणाऱ्या शब्दात आपल्या जुन्या धर्मग्रंथाची घडण दिसली असेल, तर तो क्षण किती आनंदाचा असेल!

पण कान पुरते तयार होण्याआधी आशा धावली की काय होतं, तेही याच हुबळीच्या परिसरात दिसलं. १८४० च्या आसपास इथे ‘कालज्ञान’ मानणारे लोक होते. येणाऱ्या काळाबद्दलच्या भविष्यवाणीच्या पोथ्या त्यांच्यापाशी होत्या. त्यांच्यातले काही जण मिशनऱ्यांना येऊन भेटले, उत्सुकता दाखवली, आणि मोठा समुदाय ख्रिस्ती होणार अशी आशा मिशनमध्ये निर्माण झाली. त्यांच्यासाठी गदगजवळ मलसमुद्र इथे शेतीची वसाहतही उभारली गेली. ती आशा फळली नाही. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी तेच शब्द वापरले, तारणारा, नवं युग, गुरू, आणि दोन्ही बाजूंच्या मनात त्यांचे अर्थ वेगळे होते. मिशनरी भाषा बोलू लागले होते, पण शब्दामागची शतकं त्यांना अजून ऐकू येत नव्हती. यात कुणाची लबाडी होती असं मी मानत नाही.

ज्यांना ती शतकं ऐकायची होती, ते ग्रंथांकडे आणि लोकांकडे वळले. हेर्मान म्योग्लिंग १८३६ मध्ये आले. १ जुलै १८४३ ला त्यांनी मंगळूरहून ‘मंगळूर समाचार’ काढला, तो कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र मानला जातो. पुढे ‘बिब्लिओथेका कर्नाटिका’ या मालेत त्यांनी बसवपुराण, जैमिनी भारत, दासांची पदं असं जुनं कन्नड साहित्य शिळाप्रेसवर छापलं. ख्रिस्ती धर्मदूतानं बसवपुराण छापावं, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि फर्डिनांड किटेल. १८३२ मध्ये उत्तर जर्मनीतल्या ओस्टफ्रीसलंडमध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्म. १८५३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते धारवाडला आले. ग्रीक, लॅटिन, हिब्रू येत होतंच, आता कन्नड. त्यांना लोकांत राहायचं होतं, त्यांच्यासारखं व्हायचं होतं, त्यांच्याच रागांत आणि छंदांत बोलायचं होतं. मिशनच्या वरिष्ठांना ही ओढ पसंत नव्हती आणि पुढे त्यांना मंगळूरला छापखान्याच्या व लेखनाच्या कामाकडे वळवलं गेलं. उपदेशक म्हणून ते मोठे ठरले नाहीत. १८६२ मध्ये त्यांची ‘कथामाले’ निघाली : येशूची कथा, कन्नड छंदांत. स्टीफन्सनं ओवी घेतली, किटेलनं कन्नड वृत्तं घेतली. अडीचशे वर्षांच्या अंतरानं दोघे एकाच वाटेनं गेले. मग केशिराजाचं व्याकरण ‘शब्दमणिदर्पण’ आणि नागवर्माचं छंदशास्त्र ‘छंदोंबुधि’ यांच्या आवृत्त्या. आणि मग कोश.

कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला छापून झाला. सुमारे सत्तर हजार शब्द, सतराशेहून जास्त पानं. त्यासाठी किटेल उतारवयात पुन्हा इथे येऊन राहिले, पंडितांसोबत बसले, पोथ्या धुंडाळल्या आणि बोलण्यातल्या म्हणीही वेचल्या. १८९६ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. डिसेंबर १९०३ मध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी त्यांचं कन्नड व्याकरणही निघालं. धारवाडचं एक कॉलेज आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं, आणि बेंगळुरूला त्यांचा पुतळा आहे.

हा कोश मी पहिल्यांदा उघडला तेव्हा शब्दांच्या शेजारची आखूड अक्षरं मला कळेनात. मग संक्षेपांची यादी पाहिली. एक खूण म्हैसूरकडच्या वापराची होती. एक खूण मराठीतून आलेल्या शब्दाची. आणि एक ‘सदर्न मराठा’ची, म्हणजे आमच्या धारवाड-हुबळीकडच्या बोलीची. ग्रंथात नसलेला, पंडितानं कदाचित अशुद्ध म्हणून बाजूला सारलेला शब्दही इथे मानानं बसवलेला, कुठे बोलतात ते सांगून. मी पानं उलटत राहिलो आणि ती खूण दिसली की थांबत राहिलो. भांड्यांची नावं, धान्यांची, शेतीच्या अवजारांची. यांतले कितीतरी आजी दारात उभी राहून बोलायची.

हे शब्द किटेलना कुणीतरी सांगितले असणार. ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारणाऱ्या परदेशी माणसाला एखाद्या बाईनं सूप पाखडता पाखडता उत्तर दिलं असेल, एखाद्या गाडीवानानं बैल सोडताना. त्यानं चुकीचं म्हटलं की त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं असेल : ल नव्हे, ळ.

पुढच्या आठवड्यात आपण मुंबईला जाऊ. १८१३ मध्ये तिथे अमेरिकेहून गॉर्डन हॉल उतरले, आणि त्यांना मराठी शिकायची होती.