गाणं निवडणारा माणूस

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं गाव. आकाशवाणीची जवळची केंद्रं मात्र जिल्ह्याबाहेर, जळगाव आणि अकोल्याला.

केंद्रात गाणं निवडणारा एक जाणता माणूस काय घडवू शकतो, हे पुण्यात दिसलं. कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना गळ घातली आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक गीत, चाली सुधीर फडक्यांच्या. बेत ५२ गीतांचा होता. अधिक मास आला, गीतं ५६ झाली. पंचांग बघून मालिका वाढवणं गाणी निवडणाऱ्या यंत्राला सुचायचं नाही!

निवडणाऱ्याचा हट्ट अंगलटही येतो. बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार लावलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

निवड गावाच्याच हाती ठेवायची वाटही आहे: २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो. १०० वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती, आवाका दहा-पंधरा किलोमीटर, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकांच्या सहभागातून. सातारा जिल्ह्यात म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ ९०.४ एफएमवर तेच करतं. रोहिणखेडसारख्या वऱ्हाडी गावांतल्या भजनी मंडळांना आणि गोंधळ्यांना एवढा आवाका पुष्कळ झाला.