अज्ञात धातूची ओळख पटवणारा उष्णतेचा हिशेब

प्रतिनिधी, मुंबई

एप्रिल-मेच्या भर दुपारी गिरगाव चौपाटीच्या वाळूवर अनवाणी पाऊल टाकवत नाही. चार पावलांवरचे समुद्राचे पाणी मात्र त्याच वेळी जेमतेम कोमट असते. ऊन दोघांवर सारखेच पडते. या तफावतीमागे लाटांची घुसळण, बाष्पीभवन अशी अनेक कारणे आहेत. त्यांतले एक प्रमुख कारण म्हणजे 'विशिष्ट उष्माधारकता'. एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता, ही तिची व्याख्या. पाण्यासाठी हा आकडा ४.१८ ज्यूल आहे, तर कोरड्या वाळूसाठी सुमारे ०.८ ज्यूल.

धातूंचे आकडे पाण्याहून लहान आणि बहुधा वेगवेगळे आहेत. अ‍ॅल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबे ०.३८५, शिसे ०.१३. साहजिकच, नाव न सांगता हाती दिलेल्या धातूच्या तुकड्याची ओळख या आकड्यावरून पटवता येईल का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधण्याची रीत राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात 'मिश्रण पद्धत' या नावाने दिलेली आहे.

जमा आणि खर्च

स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवून दिले. त्यातूनच मिश्रण पद्धतीचा पाया घातला गेला. तत्त्व वाण्याच्या खतावणीइतके सरळ आहे. गरम वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजेच थंड वस्तूंनी कमावलेली उष्णता; मात्र बाहेर काही सांडता कामा नये.

एक उदाहरण घेऊ. २०० ग्रॅमचा अज्ञात तुकडा उकळत्या पाण्यात १०० अंशांपर्यंत तापवला. १०० ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या कॅलरीमापीत २७ अंशांचे १५० ग्रॅम पाणी घेतले. तुकडा त्यात सोडून ढवळल्यावर तापमान ३५.७ अंशांवर स्थिरावले. पाणी आणि भांडे मिळून एक अंश तापायला ६६५.५ ज्यूल लागतात, म्हणजे ८.७ अंशांसाठी सुमारे ५,७९० ज्यूल. तेवढीच उष्णता तुकड्याने ६४.३ अंश निवताना दिली. ५,७९० ला २०० आणि ६४.३ यांच्या गुणाकाराने भागले, की उत्तर येते ०.४५. ते लोखंडाशी जुळते. कॅलरीत शिकलेल्या पालकांच्या पिढीला हाच आकडा ०.११ असा आठवत असेल.

दोन चुका, एक बरोबर उत्तर

कागदावर सोपा वाटणारा हा हिशेब टेबलावर सहज बिघडतो. तुकड्याला उकळते पाणी चिकटून आले, तर ते आपली उष्णताही सोबत आणते. अवघे दोन ग्रॅम पाणी चिकटले, तरी वरच्या उदाहरणातील उत्तर ०.४५ ऐवजी ०.४९ येते. उलट, तुकडा कॅलरीमापीत सोडायला उशीर झाला तर तो वाटेतच निवतो आणि उत्तर घटते.

खरी गोम पुढे आहे. दोन ग्रॅम पाणी चिकटले आणि तुकडा वाटेत पाच-सहा अंशांनी निवला, तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर पुन्हा ०.४५ येते. उत्तर बरोबर, प्रयोग मात्र चुकलेला! धातूचे नाव आधीच ठाऊक असेल, तर हा घोटाळा कधीच लक्षात येत नाही. शिवाय पुस्तकातला आकडा समोर ठेवून उलट्या दिशेने निरीक्षणे 'बसवण्याचा' मोहही होतो. तुकडा अज्ञात असला, की ही पळवाट बंद होते. प्रत्येक गळती स्वतंत्रपणे शोधून बुजवावीच लागते.

मुंबईची दमट हवा

प्रयोगावर जागेचाही परिणाम होतो. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने येथे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला ते चार-पाच अंश आधीच उकळते. तेथे तापमापी न पाहता १०० लिहिणाऱ्याचा हिशेब सुरुवातीलाच चुकेल.

मुंबईची अडचण वेगळी आहे. कॅलरीमापीतून हवेत जाणाऱ्या उष्णतेवर काउंट रम्फर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा एक उपाय आहे. शेवटचे तापमान खोलीच्या जितके वर जाणार, तितकेच खालून सुरुवात करायची. म्हणजे पहिल्या टप्प्यात हवेकडून मिळालेली उष्णता दुसऱ्या टप्प्यातील तोटा बरीचशी भरून काढते. खोली ३१ अंशांवर असेल, तर २७ पासून ३५.७ पर्यंतचा प्रवास या नियमात बसतो. पण पावसाळ्यात मुंबईचे दवबिंदू तापमान २४-२५ अंशांच्या घरात असते. पाणी त्याहून थंड घेतले, की भांड्याच्या बाहेरून दव धरते. ०.१ ग्रॅम, म्हणजे दोनेक थेंब दव जमतानाही सुमारे २४० ज्यूल उष्णता भांड्याला मिळते. वरच्या उदाहरणात ही चूक चार टक्क्यांची ठरते. म्हणून फ्रीजचे पाणी टाळावे आणि भांडे बाहेरून कोरडे पुसावे, हे उत्तम.

ओळख कितपत खात्रीची?

वरच्याच मांडणीत लोखंडाऐवजी तांबे असते, तर अंतिम तापमान सुमारे ३४.६ अंश आले असते. लोखंडापेक्षा १.१ अंशाचा हा फरक साध्या तापमापीवरही दिसतो. तांबे आणि पितळ यांच्यातील फरक मात्र ०.१ अंशाहूनही कमी आहे. निकेलचा आकडा ०.४४, म्हणजे लोखंडाला अगदी खेटून. अशा वेळी घनता मोजणे भाग पडते. लोखंडाची घनता ७.९ आहे, तर निकेलची ८.९.

झवेरी बाजारातील सोन्याला ही कसोटी लावली, तर ती सपशेल अपुरी पडेल. सोने, शिसे आणि टंगस्टन या तिघांची विशिष्ट उष्माधारकता ०.१३ च्या आसपास आहे. घनतेने शिसे वेगळे काढता येते. परंतु सोने आणि टंगस्टन यांची घनताही सुमारे १९.३ च आहे. म्हणूनच हॉलमार्किंग केंद्रांत क्ष-किरणांवर आधारित चाचणी आणि अग्निपरीक्षण यांचा आधार घेतात.

ही मर्यादा असली, तरी या आकड्याने विज्ञानाला मोठी देणगी दिली. १८१९ मध्ये पॅरिसच्या द्युलाँ आणि पेती यांना आढळले, की घन मूलद्रव्याचा अणुभार आणि विशिष्ट उष्माधारकता यांचा गुणाकार बहुतेक वेळा सारखाच, आजच्या एककांत सुमारे २५, येतो. २४.९ ला ०.४५ ने भागल्यास ५५.३ मिळतात, लोखंडाचा अणुभार आहे ५५.८. म्हणजे तापमापी आणि तराजू यांच्या साह्याने अणूच्या वजनाचा अंदाज घेता येतो. हिऱ्यासारखे काही पदार्थ या नियमाला जुमानत नव्हते. त्याचे कारण १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी पुंज सिद्धांताच्या आधारे दिले.

प्रात्यक्षिक परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच निरीक्षणे आधी शाईने नोंदवावीत, गणित नंतर करावे आणि तक्ता सर्वांत शेवटी उघडावा. उत्तर ०.४२ आले, तर ०.४२ च लिहावे. त्याखाली उष्णता कोठे गळली असावी, हे नमूद करावे. तापमापी अर्धा अंश कमी वाचली, तरी लोखंडाचे उत्तर नेमके तेवढेच येते.