विश्लेषण : ठासणीच्या बंदुकीची नळी का फुटते?

फोंडाघाट : भाताच्या लोंब्या भरू लागल्या की घाटाखालच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. वर दाजीपूरचे जंगल, खाली शेते. रानडुकरे आणि गवे यांचा उपद्रव नेहमीचाच. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक कोकणात अनेक घरांत आहे. तयार काडतुसातील दारूचे माप कारखान्यात ठरते. ठासणीच्या बंदुकीत मात्र प्रत्येक बार माणूस स्वतः भरतो. तिथे चूक झाली तर हात किंवा डोळा गमावण्याची वेळ येते.

नळीत नेमके काय घडते?

दारू पेटताच तिचा वायू होतो आणि तो छर्रे पुढे ढकलतो. मोटारीच्या टायरमध्ये चौरस इंचाला 30-35 पौंड दाब असतो. बारा बोअरच्या काडतुसासाठी अमेरिकी मानकाची कमाल मर्यादा सुमारे 11,500 पौंड, तर .30-06 रायफलसाठी 60,000 पौंड आहे. जुनी ठासणीची नळी असा रायफलचा दाब सोसूच शकत नाही.

दाब कशाने वाढतो?

पहिले कारण दुहेरी बार. अंधारात बार उडत नाही, भरलेले विसरले जाते आणि त्यावर दुसरा ठासला जातो. दुसरे, काडतुसातील धूरविरहित दारू काढून वापरणे. बंद जागेत दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. काळ्या दारूच्या मापाने ती भरणे म्हणजे नळी फोडणेच. तिसरे, छर्रे दारूवर न टेकता मध्ये पोकळी राहणे. चौथे, नळीच्या तोंडातील चिखल किंवा भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशीने केलेले घर. पावसाळ्यात आतून चढलेला गंज नळी कमकुवत करतो, तो वेगळाच.

आधी कोणत्या खुणा दिसतात?

नेहमीपेक्षा जोराचा धक्का, नळीवर बोटाला लागणारा फुगवटा, बार उडताच मागे उचलला जाणारा घोडा. घोड्याची खूण निपलचे छिद्र झिजल्यानेही दिसते. पण दोन्ही कारणे धोक्याचीच. काडतुसाच्या रायफलमध्ये पुंगळी अडकणे, बोल्ट जड उघडणे, पुंगळीच्या बुडाची टोपी चपटी होणे किंवा तिला भोक पडणे या खुणा आहेत.

मग काय करावे?

यातील एकही खूण दिसली, तर ‘दारू थोडी कमी घालून बघू’ म्हणू नये. बंदूक बाजूला ठेवावी. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनीट थांबावे. अडकलेला बार ठोकून काढू नये, जाणकार परवानाधारक कारागिराची मदत घ्यावी. दुहेरी बार टाळण्याचा उपाय सोपा आहे : रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी त्यावर खूण करावी. पुढे भरण्यापूर्वी गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत काहीतरी आहे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, 1959 नुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे, दुरुस्त करणे, विक्रीसाठी चाचणी घेणे यांना परवाना लागतो. फुगलेली नळी ओळखीच्या लोहाराकडून ठोकून घेणे म्हणूनच धोक्याचे आणि बेकायदाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वेगळी परवानगी हवी.

राखणीला निघण्यापूर्वी, दिवसाउजेडी गज घालून बघायला एक मिनीटही लागत नाही.