दूरचित्रवाणीवरील बागकामविषयक कार्यक्रम आणि प्रेक्षकांच्या अपेक्षा : कळंब परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठीत ‘बाग’ हा शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. द्राक्षबाग, डाळिंबाची बाग, मोसंबीची बाग या संज्ञांत बाग म्हणजे उत्पन्नाचे साधन असते. याउलट घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ, अळू व कर्दळ, कुंपणालगतचा शेवगा, दाराशी तुळस व जास्वंद, आणि शेजारणीनेही हक्काने तोडून न्यावा असा कढीपत्ता, ही सर्व मिळून परसबाग होते. पहिल्या बागेची नोंद सातबाऱ्यावर होते. दुसरीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. दूरचित्रवाणीनेही काहीसा हाच न्याय लावला. पहिली बाग शेतीविषयक कार्यक्रमांत गेली. दुसरीला जेव्हा पडद्यावर स्थान मिळाले, तेव्हा ते बहुधा महानगरातील गच्ची व सज्जा यांच्या रूपाने, म्हणजे गृहसजावटीचा एक विभाग म्हणून मिळाले. कळंबसारख्या तालुक्याच्या गावातील परसबाग या दोहोंच्या मध्ये राहिली.

या मधल्या जागेवरील प्रेक्षकाची बागकामविषयक कार्यक्रमाकडून नेमकी कोणती अपेक्षा असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. संज्ञापनशास्त्रातील ‘उपयोग व परितोष’ हा दृष्टिकोन येथे उपयुक्त ठरतो. एलिहू कॅट्झ, जे. ब्लुमलर व एम. गुरेविच यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या या विचारानुसार प्रेक्षक हा माध्यमाचा निष्क्रिय ग्राहक नसतो. तो आपल्या गरजेनुसार माध्यमाचा वापर करतो. मात्र या दृष्टिकोनात गरजेचे वर्गीकरण जितके काटेकोर आहे, तितका भूगोलाचा विचार नाही. बागकामाच्या बाबतीत भूगोल वगळून प्रेक्षकाची गरज समजूच शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्न विचारणारा श्रोता

भारतात शेतीविषयक प्रसारणाची सुरुवात श्रोत्याला प्रश्न विचारू देण्यापासून झाली, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. (मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपला भाग या प्रयोगात नव्हता.) गावातील मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे पाठवाव्यात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळावीत, अशी त्याची रचना होती. या प्रयोगाचे मूल्यमापन पॉल न्यूराथ यांनी केले. चर्चामंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची लक्षणीय वाढ झाली. ज्या गावांत रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे तशी वाढ दिसली नाही. ज्ञान केवळ ध्वनिलहरींबरोबर घरात येत नाही, ते प्रश्नाच्या मार्गाने येते, असा याचा अर्थ लावता येतो.

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, तेही निवडक ८० गावांतील सामुदायिक संचांसाठी होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर मराठीत ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने घराघरांत स्थान मिळविले. याच परंपरेतील ‘गप्पागोष्टी’मध्ये राजा मयेकर यांच्यासारखा लोकनाट्याच्या मुशीतून आलेला कलावंत संवादाच्या ओघात माहिती सांगत असे. हा केवळ रंजनाचा भाग नव्हता. तज्ज्ञाला जो प्रश्न विचारण्याचा प्रेक्षकाला संकोच वाटे, तो पडद्यावरील पात्र त्याच्या वतीने विचारीत असे. पुढे २००० मध्ये सुरू झालेल्या ई टीव्ही मराठी वाहिनीवरील ‘अन्नदाता’ने यशोगाथेला प्राधान्य दिले. यशोगाथेत प्रश्न विचारणारे पात्र उरत नाही. यशस्वी शेतकरी बोलतो व इतरांनी पाहावयाचे असते. या बदलात काही मिळाले व काही गमावले, परंतु गमावले त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

२१ जानेवारी २००४ रोजी केंद्र शासनाने किसान कॉल सेंटरची सेवा सुरू केली. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारावा व त्याला उत्तर मिळावे, ही त्यामागील कल्पना. म्हणजे पडद्यावरून निसटलेला प्रश्न दूरध्वनीकडे गेला. परसबागेचा प्रश्न मात्र तेथेही सहजी पोहोचत नाही. कारण ‘माझ्या दारातली जास्वंद कळ्या का गाळते’ हा शेतीचा प्रश्न आहे, असे विचारणारीलाच वाटत नाही.

येथे ‘विचारणारी’ हे स्त्रीलिंगी रूप हेतुतः योजिले आहे. शेतीविषयक प्रसारणाचे संबोधन दीर्घकाळ ‘शेतकरी बंधूंनो’ असेच राहिले. परसबाग मात्र बहुतांशी स्त्रियांच्या हाती आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्या गावरान बियाण्यांच्या संग्रहाची माहिती दूरचित्रवाणीवरून सर्वत्र गेली. त्यांना लाभलेल्या लोकप्रियतेचे एक कारण त्यांचे कार्य हे निःसंशय आहे. पण दुसरे कारण असे की, परसबागेविषयी अधिकाराने बोलणारी, बोलीभाषेत बोलणारी स्त्री पडद्यावर पूर्वी क्वचितच दिसली होती. अर्थात अकोल्याचा पाऊस व कळंबचा पाऊस यांत मोठे अंतर आहे. वालाचे बी तिकडून आणता येईल, पावसाळा आणता येणार नाही.

माती, पाणी आणि ‘आपल्याकडे’

बागकामाचा कार्यक्रम पाहणारा कळंबचा प्रेक्षक एक वाक्य वारंवार उच्चारतो : ‘हे आपल्याकडे येत नाही.’ या वाक्यात निराशा आहे असे समजण्याचे कारण नाही. ती एक अचूक शास्त्रीय हरकत आहे.

कुंडीचे उदाहरण घेऊ. कार्यक्रमात ‘बागेतील चांगली माती घ्या’ असे सांगितले जाते. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत मिळणारी तांबडी माती व पोयटा डोळ्यांसमोर ठेवून ही सूचना केलेली असते. मांजरा खोऱ्यातील मनुष्य बागेतील माती घेतो म्हणजे काळी, चिकण माती घेतो. ही माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. कुंडीत ती वाळली म्हणजे कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून छिद्रातून बाहेर पडते. पाणी बाहेर आलेले दिसते, म्हणून झाडाला पुरेसे मिळाले असा समज होतो. प्रत्यक्षात मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. झाड वाळते आणि दोष ‘हाताला गुण नाही’ या समजुतीकडे जातो. काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे, एवढे एक वाक्य त्या कार्यक्रमात असते तर पुढचे सर्व टळले असते.

तीच गोष्ट पिवळ्या पानांची. विंधन विहिरीचे जड पाणी चुनखडीयुक्त जमिनीत वर्षानुवर्षे दिले की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. जास्वंद, मोगरा, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्राची कमतरता असेल तर पिवळेपणा आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसतो. हा भेद डोळ्यांना दिसणारा आहे, म्हणजेच दूरचित्रवाणीला अत्यंत सोयीचा आहे. दोन पाने शेजारी धरून दाखविली तरी पुरे. परंतु ‘पाने पिवळी पडल्यास खत द्या’ या सर्वसाधारण सूचनेमुळे लोक युरिया टाकतात; हवे असते ते हिराकस, तेही बेताने.

सारांश सांगून मोकळे होणारे निवेदन आणि निदान करणारे निवेदन यांत प्रेक्षक फरक करतो. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवारा’ची मूळ कल्पना हीच होती : प्रत्येकाने आपल्या जागेवर प्रयोग करावा व त्याचे निरीक्षण इतरांना कळवावे. तेथे तज्ज्ञ व शिकाऊ असा कायमचा भेद नव्हता. मुंबईतील गच्चीवरच्या शेतीलाही या विचाराने बळ दिले. दाभोलकरांच्या विचारातून दूरचित्रवाणीवर मात्र ‘भरघोस उत्पन्न’ तेवढे आले. निरीक्षणाची वही मागेच राहिली.

तीच बाग, पुन्हा पुन्हा

ब्रिटनमधील दोन कार्यक्रमांची तुलना येथे उद्बोधक आहे. बी.बी.सी.चा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ १९६८ पासून चालू आहे. ‘ग्राउंड फोर्स’ हा कार्यक्रम १९९७ ते २००५ या काळात चालला. त्यात घरमालकाच्या अनुपस्थितीत दोन दिवसांत बागेचा कायापालट केला जाई व परतल्यावर त्याच्या मुद्रेवरील आश्चर्य टिपले जाई. त्याला प्रचंड प्रेक्षकवर्ग लाभला. तरीही टिकला तो पहिला. त्याच्या टिकण्याचे एक रहस्य असे दिसते की, निवेदक बहुधा एकाच बागेत उभा असतो. जेफ हॅमिल्टन यांची बार्न्सडेलची बाग, पुढे माँटी डॉन यांची लाँगमेडोची बाग प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिली. गेल्या वर्षी लावलेले रोप यंदा कोठवर आले, थंडीत काय मेले, हे त्यांना पाहावयास मिळते.

आपल्याकडील कार्यक्रमांत दर आठवड्याला नवे गाव, नवी बाग, नवा पुरस्कारप्राप्त माणूस असतो. कॅमेरा बागेत जातो तो बहराच्या दिवसांत. घराच्या परसात एखादेच लिंबाचे झाड असणाऱ्याला आंबे, मृग व हस्त हे बहार पुस्तकातून कळतात. परंतु बहारासाठी ताण दिलेले, पाने मलूल झालेले झाड कसे दिसते आणि ताण कोठे थांबवावा, हे त्याला कोणी दाखवीत नाही. नागअळीने वळलेली पाने त्याने पाहिलेली असतात, पण पुढील पालवीच्या वेळी त्याच झाडाकडे परत जाणारा कार्यक्रम त्याने पाहिलेला नसतो. आज यूट्यूबवर मराठीतून बागकाम सांगणाऱ्या अनेक वाहिन्या आहेत. त्यांतील ज्या स्वतःच्याच अंगणातून महिनोन्महिने बोलतात, त्यांना अधिक विश्वासाने पाहिले जाते, हे याच अपेक्षेचे द्योतक मानता येईल.

केवळ पाहण्याचा आनंद

येथवरचे विवेचन उपयुक्ततेच्या अंगाने झाले. पण बागकामाचे कार्यक्रम पाहणाऱ्या सर्वांना बाग करावयाचीच असते, असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत कळंबचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. दुपारी दारे लावून बसलेल्या घरात पडद्यावर दव पडलेली हिरवळ दिसते, तिला स्वतःचे असे मूल्य आहे. विस्तार-शिक्षणाच्या अभ्यासकांनी अशा प्रेक्षकाला ‘अंगीकार न करणारा’ म्हणून बाजूला काढले. हे वर्गीकरण फार कोरडे आहे. आपण कीर्तनाला गेलेल्या प्रत्येकाकडून वैराग्याची अपेक्षा करीत नाही.

पाणीटंचाईच्या वर्षी

या दोन्ही अपेक्षांची खरी कसोटी टंचाईत लागते. धनेगावचे मांजरा धरण कळंबसह अनेक गावांची तहान भागविते. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले व एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी ‘रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्या’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ते केवळ निरुपयोगी नव्हे, तर अप्रस्तुत वाटते. त्याचा प्रश्न वेगळा असतो : घरात रोज दोन बादल्या सांडपाणी निघते, त्यात कोणते झाड जगवावयाचे व कोणते सोडावयाचे? हा प्रश्न दूरचित्रवाणीच्या बागेत सहसा उपस्थित होत नाही, कारण तेथे झाड सोडून देणे हे अपयश समजले जाते. परसबाग सांभाळणाऱ्यांना मात्र त्याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. मूळ धरलेल्या शेवग्याला व कडुनिंबाला पाणी द्यावे लागत नाही. केळ, अळू, कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर तग धरतात. जास्वंद निम्म्यावर छाटली, आळ्यात उसाचे पाचट अंथरले तर ती आठवड्यातून एकदाच्या पाण्यावर निभावते. लिंबाला रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच खोलवर मुरेल इतके द्यावे. कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. गुलाबाचा मोह त्या वर्षापुरता सोडावा, आणि भाजीचे बी मृगाशिवाय टाकू नये. सीताफळाची पाने उन्हाळ्यात गळतात. नव्याने घर बांधलेले लोक ते वाळले असे समजून उपटतात. नखाने साल किंचित खरवडून पाहावी, आतून हिरवी असेल तर झाड जिवंत आहे.