टू-टी ऑइल: महाग तेच चांगलं?

नागपुरात अजूनही जपलेल्या चेतक आणि आरएक्स १०० गाड्यांच्या मालकांना एक प्रश्न हमखास पडतो: साधं टू-टी ऑइल घालावं की महागडं सिंथेटिक? या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळून जातं. जळण्याआधी ते पिस्टनला किती वंगण देतं आणि मागे किती कार्बन ठेवतं, हीच त्याची परीक्षा. सिंथेटिकचा एक मोठा गुण म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ते पातळ राहतं. उणे ३० अंशांत धावणाऱ्या स्नोमोबाइलला तो लाखमोलाचा. नागपूरच्या हिवाळ्यात त्याचं काम पडत नाही.

कुणी म्हणेल, मग मे महिन्यातल्या ४५ अंशांचं काय? पण सिलिंडरमधली उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. बाहेरचे वाढलेले दहा-पंधरा अंश चांगलं साधं ऑइलही पेलतं. साध्या ऑइलचा धूर जास्त होतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचं उत्तर डब्यावरच छापलेलं असतं: जपानी मानकातलं ‘जासो एफसी’ म्हणजे कमी धूर, ‘एफडी’ म्हणजे शिवाय आतून अधिक स्वच्छ इंजिन. एफसी दर्जाचं साधं ऑइल शहरातल्या फेऱ्यांना पुरतं. गाडी रोज लांब आणि जोरात पळवणाऱ्यालाच सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. डबा कोणताही घ्या, गाडीच्या पुस्तिकेतलं माप पाळा: जास्त झालं तर प्लग काळा, कमी पडलं तर पिस्टन जाम.